शुक्रवारचे गूळ-चणे

वीस वर्षं बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाला घरी कुणी बसवलं असेल? समोरच्या संघानं? साहेबांनी? छे. मी बसवलं, मूठमूठ गूळ-चणे वाटून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं पुढं मलाच हसू येत नाही.

आमचे हे प्रशिक्षक. सुरुवातीला ओतूरच्या शाळेत खेळाचे मास्तर होते, तेव्हा लोहाराकडून बास्केटचं कडं वाकवून घेऊन ह्यांनीच ते खांबाला ठोकलं. तिथून पुण्याच्या क्लबात, मग एका बँकेच्या संघाकडे, मग लांबच्या एका कारखान्याच्या. ऐकायला चढती कमान वाटते, नाही का? पण या धंद्याची रीत मला लग्नानंतर कळली. पोरं जिंकली की पोरांचे फोटो, हरली की मास्तरांची बॅग! ती बॅग ओतूरच्या स्टँडवर उतरली की मी नवं व्रत धरायचे. त्या हिशेबानं माझीही कारकीर्द काही लहान नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कारखान्यानं ह्यांना सांगितलं होतं, यंदा चषक आणलात तर करार पुढं, नाहीतर रामराम. हे पन्नाशीला टेकलेले. दुसरं कुणी घेईल अशी आशा नव्हती. त्यात स्पर्धा नेमकी ओतूरजवळच्या जुन्नरला, म्हणून अख्खा संघ आमच्याच घरी उतरला. अंतिम सामना शुक्रवारी, आणि त्याच दिवशी माझा संतोषीमातेचा सोळावा शुक्रवार. करार टिकावा म्हणूनच धरलेला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, त्या दिवशी घरात आंबट चालत नाही. स्वतः खायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही. आणि ह्यांनी सकाळीच पिशवीभर संत्री माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "हाफ टाइमला पोरांना दे. इसरू नको."

विसरले नाही हो. पिशवी गोठ्यात वैरणीमागं लपवली आणि नैवेद्याचे गूळ-चणे डबाभर घेऊन निघाले.

मध्यंतराला आपण सात गुणांनी पुढं होतो. हे कारखान्याच्या साहेबांशी बोलण्यात गुंतलेले. मी डबा उघडला. कप्तान रफिक जुन्नरचाच, मला वहिनी म्हणायचा. डब्यात डोकावून म्हणाला, "वहिनी, संत्री न्हाईत?"

"आज प्रसाद आहे रे."

त्यानं एकदा बाकीच्यांकडे पाहिलं आणि स्वतःच आधी ओंजळ पुढं केली. मग कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी मुठी भरून खाल्ले, वर पोटभर पाणी प्यायले.

भाजके चणे, त्यावर पाणी आणि त्यावर धावायचं! हे आज कळतंय. तेव्हा पोरं कंबरेवर हात ठेवून उभी राहायला लागली, तसं मला वाटलं, देवी कोपली. कुणीतरी आंबट खाल्लं असणार. पुढच्या टाइम-आऊटला हे पोरांना डाव समजावत होते, तर मी मागून एकेकाच्या कानाशी विचारत फिरले. रफिकनं मान खाली घालून कबूल केलं, सकाळी घरी जाऊन आईच्या हातचं लोणचं खाल्लं होतं. मग काय, प्रायश्चित्त म्हणून त्याला आणखी दोन मुठी.

एका गुणानं हरलो. शेवटी चेंडू रफिकच्याच हातात होता आणि तो पोट धरून वाकला होता.

एसटीनं घरी आल्यावर हे गाईला वैरण टाकायला गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. पायरीवर बसले. "सोळा शुक्रवार तू कशापायी केलंस गं?"

"तुमचा करार राहावा म्हणून."

त्यांनी एक संत्रं सोलायला घेतलं. मग थांबून परत पिशवीत ठेवलं. म्हणाले, "अजून शुक्रवार हाय."

पुढं कधीतरी रफिक भेटला तेव्हा कळलं. ह्यांनी कारखान्याला लिहून दिलं होतं, "खेळाडूंच्या आहारात माझ्याकडून चूक झाली." त्यात माझं नाव कुठंही नाही. हे कळलं त्या दिवशी मी देवापुढं बसले, पण मागायला तोंड उघडेना.

आता हे संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जातात. त्या जुन्या कड्यात एकटेच चेंडू टाकत बसतात. जाळी केव्हाच गेलीय. मी मात्र आशा सोडलेली नाही. परवा भीतभीतच म्हटलं, "मारुतीचे शनिवार धरते. एखादा संघ मिळेल तुम्हाला."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "धर की. फकस्त शनवारी काय चालत न्हाई ते आधी कागदावर लिहून दे. संघाला कळवाया लागंल."

मी लिहून दिलंय. कागद त्यांच्या खिशात, शिट्टीजवळ आहे. संघ तेवढा यायचाय.