दुधी, साखर आणि माझ्या चपला

परभणीहून निघालो तेव्हा पिशवीत मेथीदाणे होते आणि डोक्यात एकच गोष्ट. लेकीच्या घरातली साखर बंद करायची. सुनंदाला सातव्या महिन्यात मधुमेह निघाला, रोज इन्सुलिनची सुई घेते, असं जावयांनी फोनवर सांगितलेलं. मी चौथी नापास. पण साखरेच्या आजारात साखर नको, हे कळायला शाळा कशाला लागते?

लखनौ ऐसपैस शहर. जावयांचं घर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत. पोचलो त्याच दिवशी साखरेचा डबा कामवालीला देऊन टाकला. सुनंदाच्या पर्समध्येही चार पुड्या सापडल्या. चोरून खाते! त्याही तिच्या नकळत काढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सुई घेतली. "बाबा, आता लगेच जेवायचं हं."

"आधी तेलीबागेच्या बाजारातून ताजी भाजी आणू."

ती नको म्हणाली. पण माझ्या चपला पायात गेलेल्या. त्या एकदा गेल्या की निघत नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आली बिचारी.

बॅटरीच्या रिक्षानं बाजारात गेलो. मी एकेक लौकी (दुधी भोपळा) नखानं टोचून पाहू लागलो.

"चाचा, लौकी ले रहे हैं या दामाद देख रहे हैं?" भाजीवाला म्हणाला.

"दामाद मिल गया. लौकी अच्छी चाहिए!"

हसतो तोच सुनंदानं माझा दंड धरला. हात गार, घामानं भिजलेला, थरथरत होता. "बाबा, साखर... पर्समध्ये आहे."

"नाही. मी काढली."

भाजीवाल्यानं तिला पोत्यावर बसवलं आणि समोरच्या चहावाल्याला हाक मारली, "शक्कर लाओ, जल्दी!" तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मी माझ्या हातानं पाजली. पंधरा मिनिटं गेली. मला ती पंधरा वर्षं वाटली. मग तिनं बोट टोचून यंत्रात पाहिलं. "आली वर."

चहावाल्याची बिस्किटं खाता खाता म्हणाली, "सुईनं साखर उतरते, बाबा. वर खाल्लं नाही तर फारच उतरते. पुड्या त्यासाठी होत्या."

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाळ हलतंय का, त्यांनी विचारलं. सुनंदानं माझा हात पोटावर ठेवला. आतून सणसणीत लाथ बसली. बसायलाच हवी होती.

बाळंतपण होईपर्यंत राहिलो. सुई झाली की ताट मीच वाढायचो, पुड्या माझ्याही खिशात असायच्या. आता गावात विचारतात, इमामबाडा पाहिला का? राहून गेला.

निघायच्या दिवशी नातीला मांडीवर घेतलं. एका हातानं चपला पायात सरकवू लागलो, तर पोटात लाथ बसली. ओळखीची होती. गाडीला वेळ होता. मी चपला काढल्या.