माझ्या पोरीची भोजली

माझी पोरगी कॉलेजात असताना पुरानी बस्तीमागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शाळा सुटलेल्या मुलींना शिकवायला जायची. कोणाच्या बापाशी हुज्जत घाल, कोणाला हाताला धरून पुन्हा शाळेत नेऊन बसव, हाच उद्योग. आमचं तात्यापाऱ्यातलं घर म्हणजे तिची धर्मशाळा. "काहून व, साऱ्या रायपूरच्या पोट्ट्यांचा ठेका तुलेच देला का?" असं मी करवादायचे. ती हसून टाळायची.

त्या मुलींत दहावीतली एक होती. मध्ये शाळा बुडालेली, त्यामुळे वय सतरा. बाप तिला पाठवायला राजी नव्हता, तेव्हा माझ्या पोरीनं डोकं लढवलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी इकडच्या मुली टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर तलावात शिरवतात आणि त्यातले थोडे एकमेकींच्या कानामागे खोचून जन्माच्या मैत्रिणी होतात. मग एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, भोजली म्हणायचं, आणि तिचे आईबाप ते आपलेही आईबाप. माझी पोरगी त्या मुलीची भोजली झाली. घरचीच झाल्यावर बाप ऐकेल, असा हिचा हिशेब. त्यानं ऐकलंही. मुलगी शाळेत जायला लागली. मला मनातून अभिमान वाटला, पण तो दाखवला असता तर ही आणखीच शेफारली असती.

दिवाळीनंतर त्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे म्हणाले, परीक्षा सासरहून देईल. माझी पोरगी तिच्या घरी जाऊन बापाला म्हणाली, लग्न थांबवा, नाहीतर मी तक्रार करते. बाप चिडला नाही. त्यानं तिला ताट वाढायला लावलं आणि शांतपणे म्हणाला, "नोनी, अब तैं हमर घर के बेटी अस. बेटी ह अपन बाप ला थाना नइ देखावय." लेक काही बापाला ठाण्याची पायरी दाखवत नाही. नातं तिनंच जोडलं होतं. घरी येऊन ती ढसाढसा रडली.

तरी हळदीच्या दिवशी तिनं बालविवाहाची तक्रार द्यायला फोन केला, आणि स्वतःचं नावही लपवलं नाही. अधिकारी आले, लग्न थांबलं. अख्ख्या पाऱ्यानं तिला शिव्या घातल्या, ती तिथंच उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते.

आठवड्याभरात त्या मुलीला मामाच्या गावी धाडलं. शाळा बंदच. शिकवल्यानंच हा बभ्रा झाला म्हणून आणखी दोन घरांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. माझी पोरगी मामाच्या गावीही जाऊन आली, पण तिला भेटू दिलं नाही.

दहावीच्या पहिल्या पेपरला ती सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. भोजलीला कोणीतरी आणून सोडेल, अशी वेडी आशा. फाटक बंद झालं तेव्हा घरी आली आणि चप्पल न काढताच दारात बसली.

"मम्मी, लग्न होऊ देलं असतं तर पेपर तरी देला असता ना तिनं?"

तू केलं ते बरोबरच केलं, असं मी तिला सांगितलं. ते खरंच होतं. पण ती पोर त्या वेळी मामाच्या अंगणात शेण थापत बसली असेल, आणि आमच्या या बरोबरचा तिला काय उपयोग, ते मला सांगता आलं नाही.