फोटोला जागा करा

रत्नमालाबाईंचं कुणाशीच जमत नाही, असं कॉलेजात सगळे म्हणतात. खोटं नाही ते. पण अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचा, दर जूनला ‘यंदा बघू’ ऐकायचं आणि वर गोडही बोलायचं, हे कुणाला जमलं असतं? फर्दापूरच्या मेंढपाळाची ही लेक. लहानपणी लेणी बघायला आलेल्या पाहुण्यांमागं फिरून, गाइडचं बोलणं चोरून ऐकून तिला इतिहासाची गोडी लागली, आणि तिथं भिंतीवर रंगवलेली माणसं बघून बघून चित्रं काढायला हातही वळला. एम.ए. झाली, नेट झाली आणि संभाजीनगरच्या या कॉलेजात येऊन अडकली.

यंदा मे महिन्यात प्राचार्य रामप्रसाद सरांनी तिला बोलावून घेतलं.

“मॅडम, आर्ट्सला पोरं येईनात. मानव्यविद्येचं महत्त्व पटवणारं एक झकास पोस्टर करा. तुमचा हात चांगलाय. इतिहासाला वीस प्रवेश झाले तर विषय राहील, नाही तर बंद.”

विषय बंद म्हणजे रत्नमाला घरी. ती आठ दिवस खपली. दवाखान्यातल्या म्हाताऱ्याला धीर देणारी नर्स काढली. आठवड्यानं पाणी आलेल्या नळावर भांडणाऱ्या दोघी काढल्या, आणि त्यांच्यामध्ये उभं राहून एकीशी मराठीत, दुसरीशी दखनीत बोलणारी पोरगी. एका आजीची जुनी हकिकत वहीत उतरवून घेणारी मुलगी काढली. चित्र बघून तिचं तिलाच बरं वाटलं, आणि हे तिच्या बाबतीत फार क्वचित घडायचं.

सर म्हणाले, “मस्त! फक्त अध्यक्षांचा फोटो राहिला.”

आपल्याकडं मुतारीच्या उद्घाटनालाही पाच फोटो लागतात; हे तर शिक्षण. अध्यक्षांसाठी नर्स गेली. उपाध्यक्ष रुसले, त्यांच्यासाठी अर्धा नळ गेला. उरलेला नळ सचिव आणि युवा नेते, म्हणजे अध्यक्षांचे चिरंजीव, यांनी खाल्ला.

“सर, मानव्यविद्येच्या पोस्टरवरून तुम्ही माणसंच काढायला लागलात,” रत्नमाला करवादली.

“मग आमचे अध्यक्ष कोण आहेत?” सरांनी विचारलं, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

छापायच्या दिवशी ती औरंगपुऱ्यात कडूबाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसली होती. पोस्टरवर आता फक्त आजी आणि वहीवाली मुलगी उरली होती. तेवढ्यात सरांचा फोन आला.

“मॅडम, ती म्हातारी काढा आणि तिथं माझा फोटो बसवा. इतिहास नाहीतरी राहत नाहीये, संस्थेत ठरलं ते.”

“कधी ठरलं?”

“झाले की पंधरा दिवस.”

“मग मला पोस्टर कशाला करायला लावलं?”

“अहो, बाकीचे विषय आहेत ना! आणि चित्रं काढणारं आपल्याकडं दुसरं आहे कोण?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून ती कडूबाला म्हणाली, “चित्र पुसा. सगळं.”

“सगळं? ताई, लई मेहनतीचं हाये वो.”

“पुसा म्हणते ना! पाची फोटो मोठे करा. आणि वर ठळक अक्षरात लिहा, ‘माणसं ओळखायला शिका’. खाली बारीक, ‘कला शाखेत प्रवेश सुरू’.”

कडूबानं टाइप केलं, पडद्यावरच्या पाच चेहऱ्यांकडं बघितलं आणि टेबल धरून हसायला लागला. “व्हय ताई, हे बराबर हाये!”

मंजुरीसाठी पाठवलेला नमुना बघून सरांचा लगेच निरोप आला: ‘आता कसं भारदस्त दिसतंय.’

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स फाटकावर चढला. रिक्षावाले थांबून वाचत, हसत, मोबाइलवर फोटो काढत. सरांना ती लोकप्रियता वाटली. रत्नमाला कपाटाची चावी परत करून बाहेर आली, फाटकाशी मुद्दाम रेंगाळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं काळीज थंड झालं होतं.

“मॅडम, इतिहासाचा फॉर्म इथंच भेटतो का?”

बारावीचा निकाल हातात धरून एक मुलगी उभी होती. खुलताबादहून एकटीच आली होती.

“इतिहास बंद झाला इथं.”

मुलगी पोस्टरकडं बघत राहिली. ओळखीचं काही सापडतं का म्हणून तिनं पाची तोंडं नीट बघितली. “मंग आर्ट्सला दुसरं काय चांगलं असतं? यावर तर काईच नाय.”

त्याचंच उत्तर रत्नमालानं आठ दिवस खपून काढलं होतं. दोन चित्रं त्यांनी खाल्ली, तिसरं तिनं आपल्या तोंडानं पुसायला लावलं. तिला स्वतःचा संताप आला, लाज वाटली. अजूनही तोंडानं सांगता आलं असतं तिला, पण तिनं मान फिरवली.

मुलगी आत जाऊन कॉमर्सच्या रांगेत उभी राहिली.