बर्फातले कंद

आमच्या शेजारच्या गणपतने उभा जन्म मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात काढला. बोटी बंदराला लागल्या की लाद्या फोडून द्यायच्या, हे त्याचं काम. तीस वर्षांत त्याची बोटं अशी झाली होती की त्याने हातात हात दिला तर भर मे महिन्यात गार वाटायचं. बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याची बायको काशीबाई मासळी विकते. तिच्या बोलण्याला मोजमाप नाही.

मी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. मालवण-कट्टा ही गाडी मी इतकी वर्षं केली की वाटेतल्या कुणाच्या घरी कुठलं झाड आहे ते मी आजही सांगेन. त्यातून रोपं आणून आणून माझी बाग झाली. दुहेरी तगर, दुहेरी जास्वंद, अनंत, सगळं आहे. गावात कुणाचं झाड सुकलं की लोक मला विचारतात, आणि कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. ही खोड माझ्या बायकोने मरेपर्यंत मला ऐकवली. मी काही सुधारलो नाही.

गणपत-काशीबाईची एकुलती एक मुलगी तन्वी. नर्स होऊन ती इंग्लंडला गेली. गणपतने तिला धीर देऊन पाठवली, काशीबाई नको नको म्हणत होती. तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, तन्वी न्यूमोनियाने गेली. इकडे आली ती फक्त रक्षा. डॉक्टरांनी काय लिहिलं होतं ते कागद गणपतने वाचून घेतले, पण काशीबाईच्या लेखी मुलगी थंडीने गेली आणि तिला थंडीत धाडणारा तिचा बाप. हे ती रोज बोलायची नाही. बोलायची तेव्हा मात्र आमच्या पडवीपर्यंत ऐकू यायचं.

त्याच वर्षी भाद्रपदात आरोही नावाची मुलगी गणपतकडे आली. ती इंग्लंडात तन्वीच्याच खोलीत राहायची. तिने कागदी पिशवीतून सात कंद आणले होते. तन्वीने खिडकीतल्या कुंडीत स्वतः लावलेले. तन्वी गेली तेव्हा ते नुकते वर येत होते. आरोहीने त्यांना फुलू दिलं, पानं आपोआप सुकू दिली, मग कंद काढून वाळवून ठेवले. फुलाचा फोटोही तिने दाखवला. पिवळं, पाकळ्यांत पाकळ्या, मधला पेला दिसूच नये इतकं भरलेलं. दुहेरी डॅफोडिल.

गणपत ते घेऊन माझ्याकडे आला.

"कांदे दिसतत," मी म्हटलं.

"तन्वीच्या हातचे आसत, भाई," तो म्हणाला. "हसू नको."

मी हसलो नव्हतो, पण हसण्याच्या बेतात होतो. आपल्या हवेत हे जगणार नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आरोहीने फोनवर पाठवलेला मजकूर दाखवला. ह्या कंदांना तीन-साडेतीन महिने थंडी मिळाली नाही तर फूल येत नाही. गोठवायचे मात्र नाहीत. मी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि फोन परत दिला. पुढे बरंच काही होतं. वाचायला हवं होतं.

मुलीच्या वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढे तिच्याच हातचं फूल ठेवायचं, एवढंच गणपतच्या मनात होतं. आणि थंडी ही एकच गोष्ट त्याला आयुष्यभर कळत आलेली. कारखान्यात लाद्यांच्या खोलीबाहेर एक बोळ आहे, तिथे गारवा असतो पण बर्फ धरत नाही. मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत लाकडाचा भुसा भरून त्याने कंद त्यात ठेवले. रोज भुशात हात घालून बघायचा. थर्मामीटर नव्हता, हातच. पेटी कधी भिंतीकडे सरकव, कधी दाराकडे. एकही कंद गोठला नाही की सडला नाही. माझ्यासारख्या दीडशहाण्याला हे जमलं नसतं.

काशीबाईला ते बघवत नव्हतं. कुंपणाशी येऊन ती मला म्हणाली, "थंडीन गेलेल्या चेडवाची झाडा परत थंडीत घालतत. ह्या माणसाक काळीज आसा काय?"

डिसेंबरच्या शेवटी गणपतने कंद कुंडीत लावले आणि कुंडी विहिरीमागच्या सावलीत ठेवली. दुपारी जेवायला आला की डब्यातून बर्फाचा चुरा आणून कुंडीभोवती रचायचा. दहाबारा दिवसांत पात्या वर आल्या. मग एका दांड्यावर कळी दिसली, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली. त्या दिवशी गणपत मला हाक मारायला आला. त्याच्या तोंडावर हसू मी वर्षभराने पाहिलं.

कळी जाड होत होती, पण उघडत नव्हती. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं. गणपत कामावर गेलेला, आणि काशीबाई माझ्याकडे आली.

"भाई, फूल उमलात मा? ता बर्फान गारठला दिसता. काय घालू तेका?"

अशा वेळी मला माहीत नाही, एवढं म्हणायला काय जातं? पण माझ्या तोंडाला ते वाक्य येत नाही.

"कढीलिंबाक घालतस ता पाणी घाल," मी सांगितलं. "आमच्या मातयेत इला, म्हंजे मातयेचाच खातला."

कढीलिंबाला आमच्याकडे घरोघर मासे धुतलेलं पाणी घालतात. माडाला, केळीलाही घालतात, आणि झाडं कशी तरारतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्या झाडांना जमीन असते, पाणी पसरून जातं. कुंडीत ते साचतं. तिने सहा दिवस रोज बांगडे-पेडव्यांचं पाणी घातलं, तेही नवरा घरात नसताना.

"ह्येंका सांगू नकात," असं मला बजावून गेली होती. मुलीला गरम काहीतरी मिळावं, असंच तिच्या मनात असणार.

सातव्या दिवशी कळी पापुद्र्याच्या आतच तपकिरी पडली. पात्या पिवळ्या होऊन आडव्या झाल्या. गणपतने कुंडी उलटी केली तेव्हा मी कुंपणापाशी उभा होतो. मातीला घाण येत होती आणि माशाचे चार-दोन खवले चकाकत होते. त्याने एक खवला बोटावर घेतला. मग घराच्या दाराकडे पाहिलं. काशीबाई चौकटीत उभी होती.

"बर्फ जास्त झालो," गणपत तिला म्हणाला. "माझीच चूक."

ती पायरीवर बसली. रडली नाही. "थंडीन तेका एकदा नेल्यान," ती म्हणाली. "तुमच्या बर्फान दुसऱ्यांदा नेल्यान." त्यानंतर नवऱ्याशी ती कामापुरतंही बोलेनाशी झाली. ताट ठेवायची आणि उठून जायची.

करून गेलो गाव आणि कांदळकराचा नाव, असं आमच्याकडे म्हणतात; करणारा एक आणि आळ दुसऱ्यावर. मी ती म्हण गाडीत कितीतरी वेळा दुसऱ्यांना हसत ऐकवली आहे.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी गणपत माझ्या पडवीत आला.

"भाई, तू खवले बघलंस, माका ठाऊक आसा," तो म्हणाला. "तिका काय बोलू नको. आपल्या हातान झाला ह्या कळला, तर ती जगूची नाय. कोण सांगल्यान तिका, काय म्हायत."

मी मान हलवली. सांगणारा त्याच्यासमोर बसला होता, त्याने आणलेला प्रसाद खात. मला स्वतःची किळस आली, तरी प्रसाद संपवून हात धुतले.

मे महिन्यात गणपतने कारखाना सोडला. थंड हात घेऊन घरी आलो की ती तोंड फिरवते, एवढंच त्याने कारण सांगितलं. आता तो जेटीवर जाळी शिवतो.

पावसाळ्यात काशीबाई एकदा पदराखाली काहीतरी घेऊन आली. कुंडीच्या मातीतून तिने एक कंद निवडून ठेवला होता, लहानसा, पण टणक. गणपतला माहीत नव्हता.

"ह्यो एकच ऱ्हवलो," ती म्हणाली. "तुमी ठेवा, भाई. तुमका झाडातला कळता. ह्येंका देवू नकात, परत बर्फात घालतीत."

मी घेतला. वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवला आहे.

आता भादवा सरत आला. कंद ह्याच दिवसांत गारव्यात जायला हवा, आणि तो कुठे, किती आत, किती बाहेर ठेवायचा ते ओळखणारा हात सबंध मालवणात एकच आहे. गणपतकडे द्यायचा तर काशीबाईला खरं सांगावं लागेल. बर्फाने काही बिघडलं नव्हतं, पाणी घालायला मी सांगितलं होतं, एवढं बोललं की झालं. मी रोज सकाळी ठरवतो.

काल तिने कुंपणावरून विचारलं, "भाई, कांदो बरो आसा मा?"

"आसा गो," मी म्हटलं, आणि आत गेलो.