तळ्याकाठी राहिलेला मुलगा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फायलीबरोबर बंद झाली. हे एक झालं नाही. निवृत्त होऊन काही वर्षं लोटली, तरी एखादं लहान मूल रस्त्यात मोठ्यानं रडायला लागलं की ती दुपार पुन्हा समोर येते. त्या कुटुंबाला पुन्हा त्रास नको म्हणून कुणाचंच नाव लिहीत नाही.

मी मूळचा निपाणीकडचा. कर्नाटक पोलिसांत उमेदीची सगळी वर्षं गेली आणि शेवटची काही बेळगावातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर म्हणून काढली. मे महिना होता, शाळांना सुट्ट्या होत्या. त्या दिवसांत लोकांच्या मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ फिरत होता. तो कुठला, कधीचा, कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही गल्लोगल्ली रिक्षा फिरवून ‘ही अफवा आहे, विश्वास ठेवू नका’ असं कन्नड आणि मराठीत सांगत होतो. लोक ऐकून घ्यायचे आणि मुलांचा हात आणखी घट्ट धरायचे.

दुपारी तीनच्या सुमारास कंट्रोल रूमकडून खबर आली. किल्ला तलावाजवळच्या रस्त्यावर निळ्या शर्टातला एक माणूस रडणाऱ्या मुलीला उचलून नेताना लोकांनी पकडला आहे आणि मारहाण चालू आहे. मी हेड कॉन्स्टेबल आणि तीन शिपाई घेऊन निघालो. पोचलो तेव्हा साठ-सत्तर माणसांचं कोंडाळं झालं होतं. मध्ये तिशी-पस्तिशीतला एक माणूस गुडघ्यावर होता. ओठ फाटला होता, शर्टाची बाही लोंबत होती. बाजूला एका बाईनं तीन-चार वर्षांची मुलगी छातीशी धरली होती. मुलगी रडून रडून उचक्या देत होती.

गर्दीतून माणूस सोडवायची एक रीत असते. लाठी आधी उगारायची नाही. ‘मी याला अटक करतोय’ असं मोठ्यानं सांगायचं, म्हणजे लोकांना वाटतं आपलं काम झालं. मी तसंच केलं. माणसाला जीपमध्ये घातलं. तेवढ्यात चष्मा लावलेले एक गृहस्थ पुढं आले. टिळकवाडीत राहतात, कॉलेजात शिकवतात, असं त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, “साहेब, मी स्वतः मुलीला विचारलंय. हा तुझा बाबा का म्हटलं, तर नाही म्हणाली. बाबा गावात आहे म्हणाली.”

मी मुलीजवळ वाकलो आणि तेच विचारलं. तिनं मान हलवली. मग हा कोण, म्हटल्यावर हळूच म्हणाली, “काका.”

आमच्याकडे मुलांना कुणाही परक्या पुरुषाला काका म्हणायला शिकवतात. मला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. मुलीला एका शिपायाबरोबर रिक्षातून ठाण्यात पाठवलं.

जीप सुटली तसा तो माणूस माझ्या हाताला धरून म्हणाला, “साहेब, माझा थोरला पोरगा बोटीजवळ बसलाय. सहा वर्साचा हाय. त्याला आणा आधी. मग मला कायबी करा.”

जीपमधून पळून जाण्यासाठी लोक काय काय सांगतात, ते मी ऐकलेलं होतं. कुणाच्या छातीत कळ येते, कुणाची आई दवाखान्यात असते. तरी मी अगदीच दुर्लक्ष केलं असं नाही. तलावाच्या बीटवर असलेल्या शिपायाला वायरलेसवरून सांगितलं, बोटीजवळ एकटा मुलगा बसलाय का बघ. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. बाकावर कुणी मूल नाही, बोटिंग पाचपर्यंत बंद आहे, तिकीटवालाही जेवायला गेलाय.

मी तिथंच ठरवून टाकलं की हा खोटं बोलतोय.

ठाण्यात आणल्यावर त्याला एका खोलीत आणि मुलीला दुसरीकडे बसवलं. मुलीजवळ एक महिला कॉन्स्टेबल दिली. रीत अशी की एकाचं बोलणं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. संशयिताला आपण काय जाणतो ते सांगायचं नाही. त्यानं स्वतःहून बोलावं आणि अडकावं. म्हणून मुलगी काय म्हणाली, हे मी त्याला सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

मी मराठीत विचारत होतो, रायटर कन्नडमध्ये जबाब लिहीत होता. खानापूरकडच्या गुंजीच्या पुढं जंगलातलं एक लहान गाव त्यानं सांगितलं. गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो, आठ दिवसांची रजा मिळाली. पोरांनी शहर बघितलं नव्हतं, म्हणून बायको आणि दोन पोरांना घेऊन कालच मेहुणीकडं आलो. बायको आणि मेहुणी बाजारात गेल्यात. साडेचारला तळ्यावर यायचं ठरलंय. ओळखपत्र मागितलं, तर ते बायकोच्या पिशवीत. मोबाईल मागितला, तर तो गर्दीत पडला. बायकोचा नंबर त्यानं दोनदा वेगवेगळा सांगितला. पहिला लागला नाही, दुसरा वाजत राहिला. गावातल्या घरचा नंबर लावला, तर रेंज नव्हती.

कागदावर मांडलं, तर यातली एकही गोष्ट त्याच्या बाजूची नव्हती. मुलीला उचलून का नेत होतास, विचारलं. म्हणाला, “आई पायजे म्हणून रडायला लागली. बर्फाचा गोळा देतो म्हटलं. गाडा गेटाजवळ होता, तो फुडं गेलता. थोरला उठंना. बोटीचा पयला नंबर जाईल म्हणाला. मी म्हटलं, हितनं हलू नगंस, आत्ता येतो.”

मग पुन्हा तेच. “साहेब, पोराला आणा. तिथं पाणी हाय.”

गुन्हेगार आणि निर्दोष माणूस ओळखण्याची कुठलीच खात्रीची खूण नाही. घाम दोघांनाही येतो. पण एक गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती. त्या सबंध वेळात त्या माणसानं स्वतःबद्दल काही मागितलं नाही. मला का मारलं, मला सोडा, मी काही केलं नाही, यातलं एकही वाक्य तो बोलला नाही. ओठातलं रक्त हनुवटीवर वाळलं होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मी मात्र, जमावाच्या हातून आपण एक जीव वाचवला, आता कायद्याप्रमाणं पुढचं काम, या समाधानात होतो.

चार वाजले असतील. महिला कॉन्स्टेबल दारात येऊन उभी राहिली आणि मला बाहेर बोलावलं. ती खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली, नोकरीला लागून तीन वर्षं झालेली. तिनं मुलीला बिस्कीट दिलं होतं, मांडीवर घेऊन खिडकीतून बाहेरच्या शेळ्या दाखवल्या होत्या. तिनं मुलीला ‘हा कोण’ असं विचारलंच नाही. घरात कोण कोण हाय, एवढंच विचारलं. मुलीनं बोटांवर मोजत सांगितलं होतं, बाबा, मोठी आई, आई, काका, दादा.

“मग मी म्हटलं, दादा कुठं हाय,” कॉन्स्टेबल म्हणाली. “तर म्हणते, दादा बोटीजवळ बसलाय. काका गोव्याहून आला की आमच्यातच झोपतो, असंपण म्हणाली. सर, एकत्र घर असणार. थोरल्या चुलत्याला सगळी पोरं बाबा म्हणत असणार. मीसुद्धा लहानपणी माझ्या वडिलांना काकाच म्हणत होते. चुलतभावंडं म्हणायची, तेच तोंडात बसलं.”

आमच्या स्वतःच्या घरात माझी धाकटी आत्या स्वतःच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ‘आप्पा’ न म्हणता ‘दादा’ म्हणायची, हे मला ठाऊक होतं. मुलीनं खरंच सांगितलं होतं. आम्ही प्रश्न चुकीचा विचारला होता.

पण त्याहून वाईट गोष्ट एका क्षणानं लक्षात आली. जो मुलगा नाहीच असं मी धरून चाललो होतो, तो होता. आणि माझ्याच शिपायानं सांगितलं होतं की बाकावर कुणी नाही.

मी त्या माणसाला जीपमध्ये पुढं माझ्याशेजारी बसवलं. वाटेत त्याला सांगितलं की बाकावर मुलगा दिसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला.

तलावावर बाकाखाली त्यांची कापडी पिशवी होती. त्यात पाण्याची बाटली आणि मुलीचा फ्रॉक होता. बाकापासून पंधरा-वीस पावलांवर, उतारावर, अगदी पाण्याच्या कडेला एक लहान चप्पल पालथी पडली होती. एकच. वडिलांनी ती उचलली आणि ओळखली. मी अग्निशामक दलाला कळवायला सांगितलं. आमचे सहा जण झाडीत, शौचालयांत, गेटाबाहेर शोधू लागले. शिट्ट्या वाजत होत्या, मुलाचं नाव घेऊन हाका मारल्या जात होत्या. थोड्याच वेळात अग्निशामकची गाडी आली. दोघं जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून गळ टाकू लागले. पाणी हिरवं आणि गढूळ होतं. दर वेळी गळ वर येताना मी पुढं वाकून बघायचो. वर शेवाळ यायचं, एकदा फाटकी पिशवी आली.

बरोबर साडेचारला मुलाची आई आली. हातात दोन पिशव्या, बरोबर बहीण. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी आली होती बिचारी. तिनं आधी पोलीस पाहिले, मग पाण्यात उतरलेली माणसं पाहिली आणि मग नवऱ्याचं तोंड. ती ओरडली नाही. पिशव्या खाली ठेवल्या आणि तिथंच, मातीत बसली. “कुठलं?” एवढंच तिनं विचारलं. दोन मुलांतलं कुठलं, असं ती विचारत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका भयंकर प्रश्न मी ऐकला नाही.

धाकटी ठाण्यात सुखरूप असल्याचं मी सांगितलं. थोरल्याला आम्ही शोधतोय, एवढंच म्हणालो.

वडील इतका वेळ पाण्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते. अचानक थांबले आणि माझ्याजवळ आले. म्हणाले, “साहेब, लोकं मला मारत होती, ते कुंपणातनं हितनं दिसतंय. तुमच्या गाडीत घालताना त्यानं बघितलं असणार. तो तुमास्नी भ्यालाय. शिट्ट्या बंद करा. तुमची सगळी माणसं लांब न्या.”

मला हे सुचलं नव्हतं. मी सगळ्यांना गेटाबाहेर जायला सांगितलं, पाण्यातल्या माणसांनाही वर घेतलं. स्वतः झाडामागं गेलो. मुलाची आई बसली होती तिथंच राहिली. तळ्याकाठी तो माणूस एकटा उभा होता. त्यानं मोठ्यानं हाक मारली नाही. घरात बोलावं तशा आवाजात म्हणाला, “बाळा, पोलीस गेलं रं. काका एकटाच हाय. ये भाईर.”

काहीच हललं नाही. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला.

दुरुस्तीसाठी काठावर पालथ्या घालून ठेवलेल्या दोन-तीन बोटी होत्या. त्यांच्याजवळून आमची माणसं दोनदा गेली होती. त्यातल्या एकीखालून, जमिनीलगत, चिखलानं भरलेली लहानशी बोटं दिसली. वडिलांनी धावत जाऊन बोट एका बाजूनं उचलली. आत पोटाशी पाय घेऊन मुलगा बसला होता. चड्डी भिजलेली, एका पायात चप्पल. बीटवरचा शिपाई पहिल्यांदा आला, तेव्हाच तो त्याला बघून उतारावरून पळाला होता आणि तिथं शिरला होता. बोटीखालून त्याला सगळ्या हाका ऐकू येत होत्या. त्यानं मुद्दाम ओ दिली नव्हती.

तो रडला नाही. वडिलांच्या ओठाला बोट लावून त्यानं विचारलं, “काका, तुला अजून मारणार हायत काय?”

मी झाडामागून पुढं झालो नाही.

मारहाणीची तक्रार द्यायला तो तयार नव्हता. पुन्हा या शहरात यावं लागतं, म्हणाला. मी सरकारतर्फे गुन्हा नोंदवला आणि कुणीतरी काढलेल्या मारहाणीच्या व्हिडिओत दिसलेल्या अकरा जणांना बोलावलं. त्यात एकही गुंड नव्हता. दुकानदार होते, एक बँकेतला कारकून होता, ते चष्मेवाले प्राध्यापकही होते. जबाब देताना ते खाली बघून म्हणाले, “सर, मला दोन मुली आहेत हो.” खोटं नव्हतं ते. त्या दुपारी प्रत्येक जण घाबरलेला होता. वाईट माणसांना आवरायचं शिक्षण मला मिळालं होतं. घाबरलेल्या चांगल्या माणसांचं काय करायचं, ते मला त्या दिवशीही नीट ठाऊक नव्हतं.

स्टेशन डायरी लिहिताना रायटरनं मला विचारलं की दुसऱ्या मुलाची माहिती किती वाजता मिळाली असं लिहू. त्याचा रोख मला कळला. मी म्हटलं, जीपमध्ये मिळाली, तीन पंचवीसला. आणि आपण त्याला शोधायला निघालो चार पाचला. दोन्ही वेळा आहेत तशा लिहा.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की लहान मूल खोटं बोललं नाही, म्हणजे आपल्याला खरं कळलं असं होत नाही. त्याच्या घरात शब्द कसे वापरतात, ते आधी विचारावं लागतं. पुढं मी प्रत्येक नव्या शिपायाला हे सांगितलं. आणि कुणी ‘माझं दुसरं मूल तिकडं आहे’ म्हणाला, तर तो चोर असो की साव, आधी स्वतः उठून त्या मुलाकडं जायचं.

पंधरा दिवसांनी तो माणूस पुरवणी जबाबासाठी ठाण्यात आला. रजा वाढवून घेतली होती. सही केली, मला नमस्कार केला. बायको-मुलं कुठं आहेत विचारलं, तर खिडकीकडं हात केला. रस्त्यापलीकडं आई उभी होती, धाकटी तिच्या कडेवर. थोरला तिच्या पदराआड, ठाण्याकडं पाठ करून. “आत यायला तयार न्हाय, साहेब,” तो ओशाळून म्हणाला. “राग मानू नका.”

मला बाहेर जाऊन त्या मुलाशी दोन शब्द बोलावंसं फार वाटलं. पण मी गणवेशात होतो, म्हणून गेलो नाही.