सरकी चावणारा उकंडा

राळेगावहून कळंबकडे जाताना उजव्या हाताला कापसातली सरकी काढणारं जे जिनिंग लागतं, त्याच्या फाटकावर उकंडा एकतीस हंगाम उभा राहिला. कापसाची गाडी आली की ती आधी त्याच्यापुढे थांबायची. तो बाही वर सारून कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, तळाचा पुंजका ओढून काढायचा, रुई बाजूला करून आतली सरकी डाव्या दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्ट वाजली तर कापूस कोरडा. नुसतीच दबली तर ओला. चावलेली सरकी तो थुंकत नसे, शर्टाच्या खिशात टाकायचा. संध्याकाळी घरी इंदूबाई, त्याची बायको, तो फुगलेला खिसा शेळीपुढे रिकामा करायची. शेळीला ही नोकरी फार मानवली होती.

तसा माणूस गरीब स्वभावाचा. घरात आवाज इंदूबाईचा, वस्तीत आवाज बाकी सगळ्यांचा. पण फाटकावर उभा राहिला की त्याचा रुबाब तहसीलदारानं पाहावा. चाळीस-चाळीस गाड्या त्याच्या एका दाढेसाठी रांगेत उभ्या असत. तो "आत घे" म्हणाला की गाडी वजनकाट्यावर जायची, "फिरव" म्हणाला की आली तशी परत. लोक त्याला उकंडाभाऊ म्हणत, चहा पाजत. तो चहा प्यायचा आणि गाडी फिरवायची असली तर फिरवायचाच. याचा त्याला अभिमान होता आणि तो काही खोटा नव्हता.

नाव मात्र रुबाबाचं नव्हतं. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मल्या जन्मल्या आजीनं त्याला उकिरड्यावर, तिकडच्या बोलीत उकंड्यावर, ठेवलं आणि पुन्हा उचलून आणलं. घरानं बुद्धाची दीक्षा घेऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, जुने देव, जुने नवस सगळे सोडले होते. पण लेकराच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा म्हातारीनं कोणाचं ऐकलं नाही. तेव्हापासून तो उकंडा.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी जिनिंगच्या मालकानं, देवीलालशेठनं, त्याला ऑफिसात बोलावलं आणि खुर्चीवर बस म्हटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मिळालेल्या खुर्चीच्या कडेवर उकंडा टेकला.

"यंदा मशीन आनलं आपन," शेठ म्हणाला. "दोन सुया कापसात खुपसल्या का ओल किती ते आकड्यात दाखवते. रुईच्या गाठी घेनारे, बँकवाले, सारे आकडाच मागतात. तुह्या दाढेचा दाखला मी कोनाले दाखवू?"

"मंग मी काय करू शेठ?"

"आराम कर आता. मुहूर्ताले मात्र ये. पहिली सरकी तूच चावशील. फोटो काढू."

हंगामाची पहिली गाडी आली की जिनिंगवर तिला हार घालतात, शेतकऱ्याला शाल आणि नारळ देतात, आणि उकंडा सगळ्यांसमोर पहिली सरकी चावतो, ही तिथली जुनी रीत. शेठला रीत हवी होती, माणूस नको होता. उकंडाला ते कळलं. तो बरं म्हणाला आणि खुर्ची नीट मागं सरकवून बाहेर आला.

इंदूबाई ओट्यावर पोहे चाळत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, चाळणी बाजूला ठेवली आणि शेठच्या सात पिढ्यांचा दोन वाक्यांत निकाल लावला. मग म्हणाली, "तुमच्या जिवाले लागलं, ते दिसून राह्यलं मले. चार दिवस गप बसा. पाचव्या दिवशी मी बसू देनार नाई."

ती शब्दाची पक्की. पाचव्या दिवशी तिनं दोन कामं समोर ठेवली. एक यवतमाळचं. जावयाच्या ओळखीनं एका इमारतीत रखवालदाराची जागा होती. गेटवर बसायचं, आल्यागेल्याचं नाव वहीत लिहायचं.

"फाटकावरून फाटकावरच," उकंडा म्हणाला.

"दुसरं आयका. कळंबकडच्या तांड्यावर शेतकऱ्यांनी मिळून शेड बांधलं. साऱ्यांचा कापूस तिथं जमा करतात, वाळवतात, मंग पाठवतात. त्याईले पारखी मानूस पाह्यजे म्हनतात. आमच्या बचत गटात निघाली होती गोष्ट." मग म्हणाली, "शेड हिरासिंगच्या वावरात आहे."

सवयीनं उकंडाचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"तुमी तिथं काहून जात नाई ते मालूम आहे मले," इंदूबाई म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचे दिवस, फाटकावर ही मोठी रांग, शेठ स्वतः मागं उभा. हिरासिंगची गाडी पुढे आली. बंजारा तांड्यावरचा साधा शेतकरी, अडीच एकर कोरडवाहू. उकंडानं हात घातला, सरकी चावली. दबली. दुसरी चावली, तीही दबली. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडून आणणारे त्या आठवड्यात तीन सापडले होते. उकंडानं पुढचा विचार न करता सगळ्यांच्या देखत सांगितलं, "पानी मारलं याच्यात. फिरव."

हिरासिंग म्हणाला, मारलं नाही. त्यानं मुलाची शपथ घेतली. शपथ सगळेच घेतात. गाडी फिरली.

दुपारी भाकर खाताना उकंडानं खिशातली ती सरकी सहज काढून पाहिली आणि घास तोंडातच राहिला. आदल्या दिवशी पाणी शिंपडलं तर रुई ओली होते, सरकीचं टरफल कडकच राहतं, एवढं त्याला झोपेतही माहीत होतं. ही आतपर्यंत मऊ पडली होती. याचा अर्थ कापूस पहाटेच्या दवातच वेचलेला, तसाच दाबून भरलेला आणि आठ-दहा दिवस घरात मुरलेला. कापूस ओला होता, गाडी फिरवायलाच हवी होती. पण माणूस खोटा नव्हता. आणि तो माणूस अजून फाटकासमोरच्या टपरीवर बसलेला होता, गाडीचं काय करायचं या विचारात. फाटकापासून टपरी पन्नास पावलं. उकंडानं ती पन्नास पावलं टाकली नाहीत. फाटकावरचा शब्द माघारी घेतला तर उद्या कोण मानणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नंतर कानावर आलं की हिरासिंगचं नाव पाणी मारणारा म्हणून आसपासच्या सगळ्या जिनिंगवर गेलं, आणि सालभर त्याची गाडी जिथं तिथं दोनदा तपासली जात होती. त्या हिवाळ्यात उकंडाला भाकर गोड लागली नाही. पण गेला नाही तो नाहीच.

दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त झाला. उकंडा धुतलेला शर्ट घालून गेला. हार, नारळ, शाल, सगळं झालं. त्यानं पहिली सरकी चावली, कट्ट वाजली, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मग यंत्र चालवायला नागपूरहून आलेल्या चष्मेवाल्यानं दोन सुया कापसात खुपसल्या. आकडा नऊ. उकंडाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

तिसऱ्या गाडीला आकडा चौदा लागला. बाराच्या वर घ्यायचं नाही असा हुकूम. शेतकरी हात जोडून सांगू लागला, "साहेब, पान्याचा थेंब नाई लावला मी."

"तुम्ही लावला असं मी कुठं म्हणतो?" चष्मेवाला शांतपणे म्हणाला. "आकडा चौदा आहे."

उकंडा घरी निघाला होता. पण पाय वळले. त्यानं वरचा पुंजका काढला, चावला. मग खांद्यापर्यंत हात घालून तळाचा काढला, चावला.

"घरी कशावर ठेवला होता कापूस? खाली काई होतं का नुसतं शिमिट?"

"शिमिटच. नवी खोली आहे."

"मंग त्यानंच. नवी फरशी ओल सोडते. वरचा कोरडा आहे तुमचा, खालचा हातभर ओला. ताडपत्रीवर पसरा, दोन उन्हं दाखवा. अन् पुढच्या वख्ती खाली पऱ्हाटीच्या काड्या टाका."

शेतकऱ्यानं मान हलवली. चष्मेवाल्यानंही मान हलवली, पण पुढची गाडी आली होती. त्याचं काम आकड्यापाशी संपत होतं.

सायकल हातात धरून उकंडा फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. यंत्र किती ते सांगतं. कशानं, ते सांगत नाही. ते सांगणारा माणूस लागेल, आणि तो फाटकावर लागणार नाही, गाडी भरायच्या आधी लागेल, वावरात, घरात, शेडमध्ये. एवढं त्याला लख्ख दिसलं आणि पहिल्यांदा वाटलं की आपण अजून उपयोगाचे आहोत. पण त्यासोबत दुसरंही दिसलं, आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. यंत्रानं त्या शेतकऱ्याला परत पाठवलं, पण खोटारडा म्हटलं नाही. ते काम आपण केलं होतं.

तो घरी गेलाच नाही. सायकल कळंबच्या दिशेनं वळवली.

तांड्याच्या टोकाला नवं पत्र्याचं शेड. समोर ताडपत्र्यांवर कापूस वाळत घातलेला, दोघी-तिघी बायका त्यातली वाळल्या पानांची पत्ती वेचत बसलेल्या. हिरासिंग खाटेवर होता. केस पांढरे झाले होते.

"जय भीम, हिरासिंगभाऊ."

"जय सेवालाल." हिरासिंगनं बसायला सांगितलं नाही. "इकडं कुठं?"

"तुमाले पारखी मानूस पाह्यजे म्हने."

"पाह्यजे तं आहे. पन तू त्या फाटकाचा मानूस. सात वर्सं झाली, त्या रस्त्यानं गाडी नाई नेली मी."

उकंडानं येताना वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मग जे होतं तेच तो बोलला. "पानी नोतं मारलं तुमी. दवातला वेचा होता तो. मी चुकीचं बोललो. मले त्याच दिवशी दुपारी समजलं."

"दुपारी?" हिरासिंगचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दुपारी मी टपरीवर बसून होतो."

"पाह्यलं होतं मी."

हे ऐकून हिरासिंग खाटेवरून उठला. आता हा हाकलणार, असं उकंडाला वाटलं, आणि हाकललं असतं तर त्याला वाईटही वाटलं नसतं. पण हिरासिंग नुसता ताडपत्रीकडे वळला.

"मले कायले सांगतं? वेचा तिचा होता. जमना, आयकलं का?"

जमनाबाई, त्याची बायको, पदराला हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. उकंडानं तिला आजवर कधी पाहिलेलंही नव्हतं. सात वर्षं तो हिरासिंगचाच विचार करत होता. कापूस वेचणारं कोणी असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं, आणि याची लाज त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली.

"दिवसभर दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जात होती मी," ती म्हणाली. "आपला कापूस मंग कवा वेचाव? तोंड दिसायच्या आत जाऊन वेचत होती. तुमी तिथं बोलले अन् इथं तांड्यावर माह्यं नाव पडलं. पानीवाली. नळावर गेली का पोट्टेसोट्टे हासत."

"बाई, चुकलं माह्यं. माफी मागाले आलो," उकंडा म्हणाला. कामासाठी आलो होतो, हे त्या क्षणी तो खरंच विसरला होता.

"तवापासून दव वाळल्याबिगर मी वावरात पाय नाई टाकला. मजुरीवाल्या सातले निघत, मी दहाले. कोनी कामाले सांगे नाई. लोकं म्हनत, मोठी शेठानी लागून गेली." तिनं ताडपत्रीकडे हात केला. "कोरड्या कापसाले भाव भेटते हे दिसलं, आता सारा तांडा दहाले निघते. म्हनून तं हे शेड झालं."

ती वाकली, ताडपत्रीवरून मूठभर कापूस उचलला आणि त्याच्यापुढे धरला. उकंडानं सरकी काढली, डाव्या दाढेखाली धरली, चावली. कट्ट.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

"मालूम आहे मले."

हिरासिंग तिच्याकडे पाहत होता. शेड त्याच्या वावरात होतं, पण निर्णय कोणाचा होता हे उकंडाला आता कळलं. तिनं त्याच्या हातून चावलेली सरकी परत घेतली, जरा निरखून पाहिली आणि कापसात टाकायच्या ऐवजी बाजूला फेकली.

"उद्यापासून या," जमनाबाई म्हणाली. "पन दहाच्या आत नका येऊ. दव असते."