बाई रस पीत नाहीत

देवळाली प्रवराच्या फाट्यावर माझं रसवंतीगृह आहे. एका अंगाला चहाची टपरी, दुसऱ्या अंगाला पंक्चरचं दुकान आणि मधे पाचटाने शाकारलेल्या मांडवात मी. रसाचं मशीन जुनं आहे, खर्ड्याकडच्या एका माणसाकडून घेतलेलं. त्याच्या चाकाला घुंगरू बांधलेले होते. ते कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घुंगराबिगर गिऱ्हाइकाला रस निघतोय आसं वाटतच न्हाई." घुंगरू राहू दिले. पाटी रंगवणाऱ्याने मला न विचारता एका नाथाचं नाव घातलं. मी दुसरं सुचवल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला. "मॅडम, नाथाचं नाव नसलं तर गाडी थांबत न्हाई." तेही राहू दिलं. त्या दिवसांत मी बऱ्याच गोष्टी राहू देत होते.

त्याआधी मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असे, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांपुरती शिक्षिका, बाकी वेळ कुणी नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला जावं लागू लागलं. शहराचं नाव बदललं आहे. बसच्या पाटीवर नवं असतं, कंडक्टरच्या तोंडात जुनं. मंगळवारी आणि शुक्रवारी एक मशीन माझं रक्त बाहेर काढून धुतं आणि परत आत सोडतं. उरलेले दिवस एक मशीन ऊस पिळतं. या दोन मशीनची तुलना करण्याचा मोह कुणालाही होईल. मी ती करणार नाही.

महाविद्यालयाने माझा निरोप समारंभ केला. शाल, श्रीफळ आणि भाषणं. "बाई मनमिळाऊ होत्या." "बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे." मी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले होते, नारळ मांडीवर धरून. अध्यक्षांनी तर मधेच दोन मिनिटं थांबून डोळे मिटले. माझ्यासाठी, की पुढचा मुद्दा आठवत नव्हता, कोण जाणे. सभागृहही गंभीर झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाय सुजले होते आणि चप्पल घट्ट होत होती, तेवढंच आठवतं.

त्यानंतर ओळखीचं कुणीही भेटलं की मान एका बाजूला कलवून विचारायचं, "आता कसं आहे?" दूधवाला, किराणावाला, बँकेतला शिपाई, सगळ्यांच्या माना एकाच कोनात कलायच्या. रसवंती काढली ती एवढ्यासाठी. फाट्यावर मला कुणी ओळखत नव्हतं. दिराच्या शेतात ऊस होता. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे, त्यामुळे उसाची पारख घरातच होती. आणि ज्या ठिकाणी सरळ मानेने "एक हाफ, बर्फ कमी" एवढंच म्हणतात अशी एक जागा मला हवी होती. नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "हाफ का फुल, एवढंच म्हणतील."

अडचण एकच होती. डॉक्टरांनी मला जे जे बंद केलं होतं त्यात उसाचा रस अगदी वर होता. पाणी, चहा, आमटी सगळं धरून दिवसाचं माप ठरलेलं. जास्त झालं की ते अंगात साठतं आणि श्वास लागतो. रसात वर पोटॅशियम असतं. ते वाढलं तर हृदय काही न कळवता थांबू शकतं. तहान फार झाली तर बर्फाचा एक लहान खडा तोंडात धरायची परवानगी होती. तो मी दुपारी उसाच्या मोळ्यांमागे उभी राहून चघळत असे.

नवऱ्याने हौसेने उद्घाटन ठरवलं. फ्लेक्स लागला. त्यावर शुभेच्छुकांचे इतके चेहरे होते की रसवंतीला जागा उरली नव्हती. आमचे स्थानिक नेते ऊन कलल्यावर आले, फीत कापली, रसाचा ग्लास उचलला, फोटो होईपर्यंत ओठांशी धरला आणि तसाच भरलेला खाली ठेवला. "शुगर आहे," ते म्हणाले. फोटोग्राफरने मलाही ग्लास धरायला लावलं. मीही ओठाला लावला आणि ठेवला. तो फोटो मोठा करून नवऱ्याने मशीनच्या मागे टांगला. नेत्यांच्या भरल्या ग्लासाबद्दल कुणी कधी काही बोललं नाही.

धंदा बरा चालला. मंगळवार-शुक्रवार दुकान बंद, अशी पाटी लावली होती. लोकांनी त्यावरून मी देवीची मोठी भक्त असल्याचं ठरवलं. हयातभर एकही उपास न केलेल्या बाईला हा मान फुकट मिळाला. मी तो परत केला नाही.

कांदा काढणीच्या बायकांची एक टोळी दुपारी टेम्पोची वाट बघत माझ्याकडे बसायची. त्यांत एक वयस्क बाई होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. कोण कुठे बसणार, कुणाच्या ग्लासात आलं जास्त, हे तीच ठरवायची. एक दिवस ती म्हणाली, "बाई, रोज आमाला पाजता. एकदा आमच्यासंगं घ्या की."

"आज उपवास आहे," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मावशी म्हणाली, "आवो, उपासाला तर रस चालतोच. उपास धरला की आमी दुसरं काय पेतो?"

एक तरुण बाई हसली. "बाईंचा उपास लई कडक दिसतोय."

"कडक न्हाई," मावशी म्हणाली, "काईतरी येगळं हाय."

मी ऊस मशीनमध्ये घातला आणि घुंगरू वाजू लागले. घरात उपास होत असते तर ही चूक झाली नसती. आमच्या घरी पुस्तकं होती.

आठवडाभरात फाट्यावर पसरलं की बाई स्वतःच्या दुकानातला रस पीत नाही. चहावाल्याने मला हे प्रेमाने सांगितलं. "बाई, लोक म्हनत्यात बर्फ मासळीवाल्याचा हाय. कोनी म्हनतं गोडीची पावडर टाकता. मी म्हनलं, न्हाई, बाई शिकल्याली हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "पन शिकल्याली मानसंच टाकत्यात, आसं बी कोनी म्हनलं." गिऱ्हाईक त्याच्याकडे वळत होतं, त्यामुळे त्याची सहानुभूती खरी होती. उन्हाळा ऐन भरात असताना माझी बाकडी रिकामी राहू लागली. ऊस वाळू लागला.

एका रविवारी रात्री नवरा जेवताना म्हणाला, "बंद करायचं का?"

"बघू."

"नाहीतर सांगून टाक लोकांना."

"म्हणजे पुन्हा माना वाकड्या."

तो बराच वेळ भाकरी कुस्करत राहिला. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "सोमवारी सगळ्यांदेखत एक ग्लास घे. मंगळवारी मशीनवर निघून जाईल." लगेच म्हणाला, "म्हणजे घे असं नाही. आपलं एक सुचलं."

मला राग आला नाही. हिशेब चुकीचाही नव्हता. एखाद्या वेळी निघून गेलंही असतं. एखाद्या वेळी सोमवारची रात्रच गेली नसती. मी ताटं उचलली, ओटा पुसला आणि घ्यायचं ठरवलं. भीती वाटत नव्हती, हे मला त्या वेळी शहाणपण वाटलं. मंगळवारी मशीनवरून उठल्यावर अंगाला जसं वाटतं, म्हणजे काहीच वाटत नाही, तसं आता रोज वाटत होतं, एवढंच ते होतं.

सोमवारी दुपारी टोळी आली, पण बसली टपरीच्या सावलीत. मी हाक मारली. मावशी उठून आली, तिच्या मागून बाकीच्या. मी ग्लास भरले आणि एक माझ्यासाठी. मावशीने आपल्या ग्लासाला हात लावला नाही.

"आधी तुमी घ्या, मंग आमी."

मी ग्लास उचलून ओठाला लावला. वेलची-आल्याचा वास आला. कितीतरी महिन्यांनी इतकं गार, इतकं भरलेलं काही तोंडापाशी आलं होतं.

"वठाला लावू नका," मावशी म्हणाली आणि मागच्या फोटोकडे बोट केलं. "तसं तर थितं बी लावलंय. घोट घ्या."

मला तो निरोप समारंभ आठवला. आता मेले तर तो परत होणार, तीच माणसं, तीच भाषणं, बाई मनमिळाऊ होत्या. भाषणं तर आधीच होऊन गेली होती. नाथाच्या नावाच्या मांडवात हा एवढा खटाटोप कशासाठी, ते मला नीट आठवेना. यात धैर्य काही नव्हतं. मी ग्लास ठेवला आणि डाव्या हाताची बाही वर सरकवली. ऐन उन्हाळ्यात मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालत असे ते याच हातासाठी. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून तिथली शीर धमनीला जोडलेली आहे. ती दोरीसारखी फुगलेली असते आणि आतून सारखी थरथरते.

"हात लावून बघा," मी म्हणाले.

मावशीने दोन बोटं ठेवली आणि काढली नाहीत. "ह्यात मशीन हाय का?"

"मशीन नगरला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी. किडन्या गेल्यात. रस प्यायले तर मी मरेन. रसात काही नाही, माझ्यात आहे."

तरुण बाईने मान कलवली. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती उठून टपरीकडे गेली, आणि त्यानंतर ती कधी माझ्याकडे रस प्यायली नाही. लागण होते असं तिला वाटत असावं.

मावशीला वेगळीच खंत होती. "म्हंजी मंगळवार देवीचा न्हाई?"

"नाही."

"शुक्रवार?"

"तोही नाही."

तिला हे किडन्यांपेक्षा जास्त लागलं, असं मला दिसलं. मग तिने माझ्यापुढचा ग्लास ओढून घेतला. "ह्यो बाईचा," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि एका दमात पिऊन टाकला. मग तिने आपलाही घेतला. मागून बाकीच्यांनी घेतले. एकीने आलं कमी असल्याची तक्रार केली, आणि ती खरी होती.

आता फाट्यावर सगळ्यांना माहीत आहे. चहावाला मान कलवतो. ज्यासाठी दुकान काढलं होतं ते राहिलं नाही, दुकान राहिलं. बाकडी पुन्हा बहुतेक भरतात. टोळी आली की एक ग्लास माझ्या नावाने भरायचा आणि मावशीने तो प्यायचा, अशी रीत पडली आहे. या रीतीची मात्र मी पाटी लावलेली नाही.

त्या सोमवारी टेम्पो आल्यावर बाकीच्या चढल्या. मावशी मागे फिरली, बर्फाच्या टबात वाकली आणि एक खडा निवडून पाण्याखाली धरला.

"ह्ये चालतं?"

"एवढा मोठा नाही."

तिने तो टबाच्या काठावर आपटून फोडला आणि लहान तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मी तुकडा तोंडात धरला, मोळ्यांमागे न जाता, तिथेच उभं राहून. गार लागला.